खो दिल्याशिवाय उठायचं नाही

धाराशिवच्या डायलिसिस केंद्रात खुर्च्या आठ होत्या, आणि ही गोष्ट ईश्वरी पडवळच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आली होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनात बसतात आणि नववा पळतो. इथेही आठ जण बसलेले, आणि नववी ती हसऱ्या तोंडाची सिस्टर, या मशीनकडून त्या मशीनकडे धावणारी. फरक एवढाच, की मैदानावर मागून कुणीतरी पाठीवर थाप मारून 'खो' म्हणतं आणि बसलेला सुटतो. इथे वर्षानुवर्षं बसा, पाठ तशीच कोरडी.

"कुणी देत नसेल खो, तर आपणच उठावं की," शेजारच्या खुर्चीवरचा ओंकार म्हणायचा. तुळजापुरात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक वस्तू उघडून बघता येते असा त्याचा समज होता.

"फाउल होतो," ईश्वरी म्हणायची.

ती हे उगीच म्हणत नव्हती. पोरगी राज्याच्या संघातून खेळलेली. खांबाला वळसा घालताना तिची वेणी आडवी व्हायची असं जुने लोक अजून सांगतात. मग एका हिवाळ्यात घसा दुखायचं निमित्त झालं, लघवी चहासारखी लाल झाली, कुणी मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं तोवर दोन्ही किडन्या वाळल्या शेंगांसारख्या झाल्या होत्या. आता ती तेविशीत होती, आणि आठवड्यातून तीनदा तिचं रक्त हातातून बाहेर निघून, मशीनमधून धुऊन, परत हातात येत होतं.

पर्याय नव्हते असं नाही. पर्याय होते, आणि सगळे वापरून झाले होते. पोटातलं डायलिसिस करून पाहिलं. त्यात पोटात नळी बसवतात, पिशवीतलं पाणी आत सोडायचं, काही तासांनी घाण घेऊन आलेलं ते पाणी बाहेर काढायचं, घरच्या घरी. ओंकारने तेच धरलं. ड्रोन त्याच्या दुकानाच्या गच्चीवर पिशव्या टाकून जायचा, आणि गिऱ्हाईकाशी बोलता बोलता हा गडी पिशवी बदलायचा. नळीची जागा जरा चिघळली म्हणून चार आठवडे खुर्चीवर आला होता, बरी झाली की परत आपल्या पिशव्यांकडे. त्याला ते मानवलं. ईश्वरीच्या पोटात मात्र दोनदा जंतू शिरले आणि तो रस्ता बंद झाला.

मग आईने किडनी दिली. वनिताबाई पडवळ, एसटीत कंडक्टर, धाराशिव ते तुळजापूर मार्गावर. नवरा लवकर गेलेला, पोरगी एकच. "घ्या म्हटलं दोनातली एक, मला एवढ्या काय करायच्यात," असं म्हणून ती आडवी झाली. ती किडनी वर्षभर चालली, आणि मग ईश्वरीच्या शरीरानेच तिला परकी ठरवून मारून टाकलं. आईचं नाक घेतलं, आईचा राग घेतला, आईचा आवाज घेतला, आणि नेमकी किडनीच घेतली नाही. त्या दिवसापासून दोघी या विषयावर बोलत नसत. एकीला वाटायचं आपण दिलेलं कमी पडलं. दुसरीला वाटायचं आपण आईचा एक अवयव वाया घालवला.

*

डॉक्टर काझी मॅडमनी डबीची गोष्ट काढली तेव्हा आई खुर्चीशेजारच्या स्टुलावर डबल शिफ्ट करून पेंगत होती. 'डबी' शब्द ऐकून जागी झाली.

"कसली डबी?"

मॅडमनी ती हातावर ठेवून दाखवली. तंबाखूच्या डबीहून थोडी मोठी, राखाडी, गुळगुळीत. हिला दोन नळ्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या, तिसरी मूत्राशयाला, आणि डबी कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला बसवायची.

"हे बघा वनिताताई, किडनी दोन कामं करते," मॅडम म्हणाल्या. "आधी रक्त गाळते, आणि मग गाळलेल्यातलं जे कामाचं आहे, पाणी, मीठ, साखर, ते वेचून परत घेते. आपलं मशीन फक्त गाळतं. वेचायची अक्कल त्याला नाही, म्हणून ते झाल्यावर ही अशी पिळून काढल्यासारखी दिसते. या डबीत दोन खोल्या आहेत. पहिल्या खोलीत सिलिकॉनची चाळण. तिच्या फटी इतक्या बारीक, की पाणी आणि घाण जाते, रक्ताच्या पेशी जात नाहीत. त्यातून रक्त ढकलायला मोटर नाही, बॅटरी नाही. हिचं हृदय जेवढ्या जोराने रक्त मारतं तेवढा जोर पुरतो. दुसऱ्या खोलीत जिवंत पेशी. त्या वेचायचं काम करतात. उरलं ते मूत्राशयात."

"म्हणजे…" ईश्वरीने आईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे शू होणार?"

"होणार."

ज्याची होते त्याला यातलं काही कळायचं नाही. आईची किडनी गेल्यापासून चार वर्षांत ईश्वरीला लघवी झाली नव्हती. किडनी बंद पडली की पाण्याला बाहेर जायची वाटच नसते. प्यायलेला घोट अंगातच राहतो, पायाला सूज, मग छातीत पाणी. म्हणून आईने पाण्यावर पहारा बसवला होता. दिवसाचं पाणी एका छोट्या फुलपात्राने मोजून मिळायचं. चैत्रात धाराशिवला डांबर वितळतं, आणि ही पोरगी बर्फाचा खडा गालात धरून बसायची. आई पाण्याला अक्षरशः पाण्यात पाहायची.

"पेशी कुणाच्या?" आईने विचारलं.

मॅडम आईकडे वळल्या. "तुमच्याच. ती किडनी काढली तेव्हा तिच्यातल्या थोड्या चांगल्या पेशी आम्ही तुमच्या संमतीने गोठवून ठेवल्या होत्या. एका डबीपुरत्या आहेत. गेल्या वेळी हिच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांनी तुम्हाला ओळखलं नाही आणि मारलं. या वेळी मधे चाळणीची भिंत आहे. पहारेकरी त्या फटीतून आत जाऊ शकत नाहीत. त्यांना भिंत दिसेल, आई दिसणार नाही."

आई उठली, तिने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "नको."

*

मराठीतला 'खो' हा शब्द मोठा चावट आहे. मैदानावर खो दिला की माणूस उठतो, आणि घरात खो घातला की उठलेला माणूस बसतो. वनिताबाईंनी जन्मभर दुसराच धंदा केला होता. ईश्वरी मैदानावर जायला लागली, आईने खो घातला. संघाबरोबर गावोगाव निघाली, आईने खो घातला. पोरगी हट्टी म्हणून खेळली, एवढंच. आई कधी एक सामना बघायला आली नाही.

"का नको ते तरी सांग," घरी आल्यावर ईश्वरी म्हणाली.

"मशीन ओळखीचं आहे. वाईट आहे, पण ओळखीचं आहे. ते किती त्रास देतं ते मला ठाऊक आहे. ह्या डबीचं कुणाला काय ठाऊक?"

"मॅडमला ठाऊक आहे."

"मॅडमची पोरगी आहेस का तू?" आईने कणीक तिंबायला घेतली आणि सगळा राग परातीत काढला. मग हात थांबले. "ईशे, माझ्याकडं द्यायला आता काही राहिलं नाही. हे चुकलं तर मी काय देऊ?"

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगातलं पाणी बाहेर जायची तेवढी एक वाट तिच्याकडे चालू होती.

"तुला काही द्यायचंच नाही आई. तू दिलेलं मी एकदा हरवलं. ते परत मिळायलंय तर मला घेऊ दे."

पोळ्या त्या दिवशी सगळ्या जळल्या. सकाळी ड्यूटीवर निघताना ती दारातच म्हणाली, "सही कुठं करायची असते ते विचारून ठेव. आणि माझी लागत नसेल तर तू तुझी कर. तेवीस वर्षांची घोडी झालीस."

ओंकारला बातमी कळली तेव्हा त्याची पोटाची जागा बरी झाली होती आणि तो खुर्ची सोडून चालला होता. मॅडमनी त्यालाही डबीचं विचारलं होतं. त्याच्या भावाच्या पेशी चालणार होत्या.

"माझं पिशव्यांवर बरं चाललंय," तो म्हणाला. "नवं मॉडेल मी पहिल्या दिवशी घेत नसतो. आधी तू उठून पळून दाखव. मग मला खो दे."

*

ऑपरेशन पुण्याला झालं आणि झकास झालं. शुद्धीवर आल्यावर ईश्वरीने आधी खाली लटकलेली पिशवी बघितली. पिशवीच्या तळाला पिवळं काहीतरी जमा झालं होतं. आई त्या पिशवीसमोर खुर्ची मांडून बसली होती. इतका देखणा पिवळा रंग आपण स्वतःच्या हळदीतही पाहिला नव्हता, असं ती सिस्टरला सांगत होती. ती सिस्टर बिचारी पिशवी रिकामी करायला आली होती, तिला आईने दोनदा परत पाठवलं.

दवाखान्यात सलाईनवाटे पाणी जात होतं तोवर सगळं सुरळीत होतं. खरी गंमत घरी आल्यावर सुरू झाली.

निघताना मॅडमनी बजावलं होतं. "आता उलटं करायचं. भरपूर प्यायचं. या डबीला वाहतं रक्त लागतं. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, चाळणीवर साय धरते आणि फटी बुजतात. आणि दुसऱ्या खोलीतल्या पेशी इमानदार आहेत. शरीर कोरडं दिसलं की त्या थेंब सोडत नाहीत, सगळं पाणी परत घेतात." बरोबर एक निळी बाटली दिली. ती भरली किती आणि रिकामी झाली किती, ते बाटलीच मोजायची आणि मॅडमच्या टेबलावर कळवायची.

ईश्वरीने पहिल्या दिवशी बाटलीतून पेला भरला, तोंडाला लावला, आणि घसा मिटला.

याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात, तुळजापूरला, ऐन मे महिन्यात, तिचा संयम सुटला होता. मांडवामागे रांजण होता. ती तिथे उकिडवी बसली आणि तांब्यामागून तांब्या प्यायली. तो आनंद तिला आजही आठवतो. संध्याकाळी छातीत पाणी भरलं. कोरड्या जमिनीवर बसून माणूस बुडतो म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. आईने तिला स्वतःच्या ड्यूटीच्या गाडीत घातलं, ड्रायव्हरला डबल बेल दिली, आणि प्रवाशांनी भरलेली एसटी मधल्या एकाही थांब्याला न थांबता दवाखान्याच्या दारात आणली. एकही प्रवासी चकार शब्द बोलला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड पाण्यानेच पोळलं होतं. आता फुंकून काय प्यायचं?

म्हणून ती दोन घोट घ्यायची आणि उरलेला पेला मागच्या खिडकीतून ओतायची. खिडकीखाली कढीपत्त्याचं झाड होतं. उद्या पिऊ, असं ती रोज स्वतःला सांगायची. पाय चेपून बघायची, सूज नाही ना, श्वास लागत नाही ना. नाही. मग बरंच आहे की. बाटलीला आपण रिकामी झालो एवढं कळायचं, कुठे रिकामी झालो ते कळत नव्हतं.

धाराशिवला नळ आठवड्यातून एकदा येतो. सगळ्या गल्लीची झाडं माना टाकून उभी होती, आणि पडवळांचा कढीपत्ता तेवढा तरारला होता. शेजारच्या शकुंतलामावशी फोडणीला डहाळी न्यायला येत आणि झाडाकडे संशयाने बघत. "काय घालायलीस ग वनिता ह्याला?"

"काही नाही," आई म्हणायची आणि घाईने आत जायची.

*

तपासणीत मॅडमनी आकडे बघितले, मग ईश्वरीकडे बघितलं, मग परत आकडे बघितले.

"बाटली म्हणते ही भरपूर पिते. रक्त म्हणतं ही वाळवंटात राहते. दोघांतलं एक खोटं बोलतंय. ईश्वरी, पाणी पितेस ना?"

"पिते मॅडम."

"वनिताताई?"

"पिते की. माझ्या डोळ्यांदेखत."

दोघींनी एका दमात सांगितलं, एकमेकींकडे न बघता. आपण एकमेकींकडे बघितलं नाही हेही दोघींच्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "मग डबीच हरतेय. चाळणीच्या फटी बुजायला लागल्यात. पुढच्या सोमवारी परत बघू. तेव्हाही असंच असेल तर काढावी लागेल, कारण बुजलेली डबी आत ठेवली की गुठळी होते. आणि मी लपवणार नाही, त्या पेशी पुन्हा मिळायच्या नाहीत. होत्या तेवढ्या हिच्यात घातल्या."

"मग परत खुर्ची," ईश्वरी म्हणाली.

"मग परत खुर्ची."

येताना बसमध्ये मायलेकी शेजारी बसून दोन दिशांना बघत होत्या. ईश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आईची किडनी आपण दुसऱ्यांदा मारतोय, आणि या वेळी शरीरावर ढकलायची सोय नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. घरी जाऊन प्यायचंच, असं तिने ठरवलं.

घरी गेल्यावर तिने पेला भरला. एक घोट घेतला. घसा मिटला. छातीत तो जुना रांजण गुडगुडला. हात आपोआप खिडकीकडे गेले, पण खिडकीत शकुंतलामावशींची मांजर बसली होती. म्हणून ती पेला घेऊन मागच्या दाराने परसात गेली.

कढीपत्त्यापाशी आई उभी होती. हातात निळी बाटली, बाटली उलटी, आणि पाण्याची धार झाडाच्या बुंध्यात.

बाटलीतलं पाणी संपेपर्यंत धार चालू राहिली.

"तू काय करायलीस?" ईश्वरीने विचारलं.

"तू काय करायलीस?" आईने पेल्याकडे बघून विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. पोरगी आंघोळीला गेली की आई रोज बाटलीतलं निम्मं पाणी झाडाला घालत होती. एवढं पाणी पोरीच्या अंगात जाताना तिला बघवत नव्हतं. मॅडम शिकलेल्या आहेत, पण लग्नाच्या दिवशी त्या एसटीत नव्हत्या, असं तिचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं ईश्वरी खिडकीतून घालत होती. दोघी एकमेकींपासून लपवून एकाच झाडाला पाणी पाजत होत्या, आणि डबीतल्या पेशी दारात उभ्या राहून वाट बघत होत्या.

आई मटकन पायरीवर बसली. "मीच मारायला निघाले होते का ग तुला?"

"आपण दोघी मिळून," ईश्वरी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आईला आधी राग आला, मग तीही हसली, मग दोघी रडल्या. मांजर उठून निघून गेली.

फोनवर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढं पाणी कढीपत्त्याला पाजलंत, तर आता लघवीही त्याच्याकडूनच करून घ्या." मग शांत झाल्या. "बातमी चांगली आहे. म्हणजे डबी हरलेली नाही, उपाशी आहे. फटींवरची साय अजून कोवळी असेल तर धुऊन निघेल. मी सलाईन लावू शकते, पण जन्मभर सलाईन टांगून फिरणार आहेस का? प्यायला तुलाच लागेल ईश्वरी. आजपासून."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने रजा टाकली. परसात पाण्याची कळशी आणली, पेला भरून झाडाजवळच्या ओट्यावर ठेवला. ईश्वरीने तो उचलला, ठेवला. उचलला, एक घोट घेतला आणि ठसका लागून नाकातून बाहेर काढला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती पेल्याकडे बघत नुसती बसून राहिली. भ्यायली की ती नेहमी जशी बसायची तशीच बसली होती. चवड्यांवर, एक पाय जरा मागे, हात गुडघ्यांपुढे जमिनीला टेकलेले. मैदानावर चौकोनात बसतात तसं. तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आईला कळलं.

ती आवाज न करता पोरीच्या मागे गेली. भरला पेला तिने डाव्या हाताने पोरीच्या समोर धरला. उजवा तळहात पाठीवर असा हाणला की कढीपत्त्यावरचं पाखरू उडालं, आणि गच्च भरलेल्या गाडीत मागच्या प्रवाशापर्यंत पोहोचणाऱ्या आपल्या कंडक्टरच्या आवाजात ती गरजली, "खो!"

खो-खोच्या खेळाडूला खो ऐकू आल्यावर विचार करायला वेळ नसतो. तो विचार अंगातून काढून टाकायलाच लहानपणापासून शिकवतात. थाप आणि शब्द एकदम आले की अंग उठतं, भीती मागे बसून राहते. ईश्वरी ताडकन उठली, समोर पेला होता, तो तिने तोंडाला लावला, आणि घशाला आपण मिटायचं आहे हे आठवेपर्यंत पेला रिकामा झाला होता.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. काही झालं नाही. छाती भरली नाही. ईश्वरीने श्वास घेतला, मोठा घेतला, अजून मोठा घेतला.

"बस खाली," आई म्हणाली.

ती बसली. थाप. खो. दुसरा पेला.

दिवसभर हेच चाललं. शकुंतलामावशी भिंतीवरून डोकावल्या तेव्हा वनिताबाई पोरीला धपाधप मारतायत आणि पोरगी पाणी पिता पिता हसतेय असं त्यांना दिसलं. त्यांनी डहाळी न मागताच काढता पाय घेतला.

दुपारी सावलीत टेकल्यावर ईश्वरीने विचारलं, "खो मागून द्यायचा, थाप आणि शब्द एकदम, हे तुला कुणी सांगितलं? तू तर एक मॅच बघितली नाहीस."

आई पदराने वारा घेत होती. "आमची गाडी मैदानाजवळच्या सिग्नलला थांबायची. तेवढ्यात दिसायचं."

"आई, तिथं सिग्नल नाही."

"मी थांबवायची," आई म्हणाली. "पडशील, लागेल, म्हणून भ्या वाटायचं. पण बघितल्याबिगर राहवायचं नाही. ड्रायव्हर बोंबलायचा."

जन्मभर खो घालत आलेल्या बाईने आज पहिल्यांदा खो दिला होता, आणि तो देण्याआधी ती किती तरी वर्षं गाडी थांबवून शिकत होती. ईश्वरीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग पाच मिनिटांत उठली आणि चेहरा विचित्र करून उभी राहिली.

"काय झालं?" आई घाबरली.

"मला लागलीय," ईश्वरी म्हणाली, आणि परसातून धावत सुटली.

सोमवारी मॅडमनी आकडे बघितले आणि चष्मा न काढता हसल्या. साय धुऊन निघाली होती. फटी मोकळ्या, पेशी कामावर. "आता एकच त्रास राहील," त्या म्हणाल्या. "चार वर्षं न वापरल्यामुळे मूत्राशय आक्रसून लिंबाएवढं झालंय. हळूहळू वाढेल. तोवर सारखं पळावं लागेल."

"पळायचं मला सांगू नका मॅडम," ईश्वरी म्हणाली.

*

डबीला धक्का नको म्हणून तिला वर्षभर खेळायला मनाई होती. पण पंच व्हायला कुणाची मनाई? परीक्षा तिने आधीच दिलेली होती. जिल्हा स्पर्धेच्या मुलींच्या अंतिम सामन्याला पांढरा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ती मैदानात उतरली. कडेला बाकड्यावर डायलिसिस केंद्राची मंडळी आली होती. आपल्यातली एक उठलीय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. टोकाला ओंकार, नुकतीच पिशवी बदलून आलेला. आई गणवेशातच होती. तिची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि ड्रायव्हर टपावर चढून सामना बघत होता.

शेवटच्या डावात बरोबरी चालली होती आणि ईश्वरीचं मूत्राशय एव्हाना मोसंबीएवढं झालं असलं तरी मोसंबी काठोकाठ भरली होती. पंचाने सामना सोडून जायचं नसतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. आईला लांबून सगळं दिसत होतं. पोरीचं हे नाचणं तिने ती चालायला लागल्यापासून पाहिलेलं.

तेवढ्यात एक मुलगी खांबाला धडकून पडली. मुख्य पंचांनी वेळ थांबवली, पट्टी बांधायला माणूस धावला. ईश्वरी शेजारच्या पंचाकडे बघत होती, विचारावं की नाही, सगळ्या गावासमोर कसं विचारावं. तिच्या मागे बाजूच्या रेषेपलीकडून कुणीतरी हलक्या पावलांनी आलं. पाठीवर थाप बसली.

"खो," आई म्हणाली. "जा."

अंग निघालं. वेणी आडवी झाली. कार्यालयामागच्या संडासाच्या दारापर्यंत ईश्वरी जी सुटली ती जुन्या लोकांनी डोळे भरून बघितली.

माईकवरचा निवेदक गोंधळला. एक पंच मैदान सोडून पळत का गेल्या ते त्याने वाकून कुणाला तरी विचारलं, आणि बिचाऱ्याने जसं कळलं तसं सांगून टाकलं. "प्रेक्षकांनी नोंद घ्यावी, पंच ईश्वरी पडवळ लघवीला गेलेल्या आहेत."

मैदान हसणार होतं. पण त्याआधी बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पिवळट चेहऱ्यांची, हाताला पट्ट्या बांधलेली ती माणसं जीव तोडून टाळ्या वाजवत होती. त्यांच्यातली एक आजी शिट्टी मारत होती. टपावरच्या ड्रायव्हरने खाली उतरून गाडीचा हॉर्न दाबून धरला. एक बाई लघवीला गेली म्हणून एवढा जल्लोष कशाला, ते मैदानाला कळेना, पण टाळ्यांची लागण होते. थोड्या वेळाने सगळेच वाजवायला लागले.

ईश्वरी परत आली तेव्हा चेहरा लाल होता आणि हसू आवरत नव्हतं. आईने निळी बाटली पुढे केली. ती तिने उभ्याउभ्या अर्धी प्यायली. मैदानात अजून पट्टी बांधणं चालू होतं. टाळ्या संपून बाकड्यावरची मंडळी खाली बसली होती, ओंकारही बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत.

ती बाकड्यामागे गेली. तळहात उघडला, आणि थाप आणि शब्द एकदम दिले.

"खो."

ओंकार आयुष्यात कधी खो-खो खेळला नव्हता. तरी तो उठला.